उंच गाडीबद्दलचं माझं मत

आमच्या ओळखीत कुणाला चारचाकी घ्यायची असली की तो आधी मला विचारायचा. यवतमाळात शोरूम आहेत, शोरूममध्ये टाय लावलेली माणसं आहेत, मोबाइल उघडला की गाड्यांचेच व्हिडिओ अंगावर येतात, तरीही लोक म्हणायचे, "एकदा त्यांना विचारून घ्या." त्यांना म्हणजे मला. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळणारा कारकून. माझी स्वतःची गाडी चौदा वर्षांची, तिच्या मागच्या डाव्या दाराची काच दोन्ही तळहातांनी धरून वर ढकलावी लागते. पण गाड्यांवर मत द्यायला चांगली गाडी असावी लागत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

मत तयार करण्याची माझी पद्धत होती. सकाळी दाढी करताना एक व्हिडिओ, दुपारी डबा खाताना दुसरा. त्यातला एक हिंदीत बोलणारा गृहस्थ माझा विशेष आवडता. सहा फूट उंच, गाडीत असा बसायचा की जणू ओट्यावर टेकतोय. तो 'इनग्रेस-इग्रेस' म्हणायचा. म्हणजे गाडीत चढणं आणि उतरणं, दुसरं काही नाही. पण चढणं-उतरणं म्हटलं तर कोण ऐकतंय? इनग्रेस-इग्रेस म्हटलं की समोरचा चहाचा कप खाली ठेवतो. मी ते शब्द उचलले. ग्राउंड क्लिअरन्स उचलला, म्हणजे गाडीचं पोट रस्त्यापासून किती वर ते; रोड प्रेझेन्स उचलला, म्हणजे रस्त्यावरचा रुबाब. आवडत्या गाडीचा व्हिडिओ असला की शेवटची दोन मिनिटं, जिथे तो गाडीतले दोष सांगायचा, ती मी बहुतेक वेळा पुढे ढकलून द्यायचो. हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगतो.

टेस्ट ड्राइव्ह मी अकरा गाड्यांच्या घेतल्या होत्या आणि त्यातली एकही विकत घेतली नव्हती. धामणगाव रोडवरच्या शोरूमचा वॉचमन मला सलाम करायचा. दोनदा तर मी नागपूरहून स्वतः चालवायची गाडी दोन-दोन दिवसांसाठी भाड्याने आणली. कारण काय, तर 'लाँग टर्म अनुभव'. भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी असते, जाणत्या माणसाला लांबूनच कळतं. म्हणून रविवारी सकाळी आर्णी रोडवरच्या टपरीवर गेलो तेव्हा ती गाडी मी मागची बाजू भिंतीला चिकटवून उभी केली आणि पुढच्या प्लेटसमोर स्वतः उभा राहून चहा प्यायलो. तासभर उभा होतो. पाय भरून आले तरी हललो नाही.

त्या टपरीवर आमचा कट्टा जमायचा. सात-आठ जण, सगळे गाडीवेडे. वणीकडचा एक जण कधीमधी यायचा, तो खाणींवर गाड्या भाड्याने लावायचा. आमच्यात खरोखर गाड्यांतलं कळणारा तेवढा तोच, आणि तोच सगळ्यात कमी बोलायचा. बोलायचं काम माझ्याकडे होतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी त्या कट्ट्यावर नव्यानेच येऊ लागला होता. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, कामात चोख, बोलायला कमी. मला 'भाऊ' म्हणायचा. त्याच्या घरात तो, बायको, एक मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली आई. चारचाकी त्यांच्याकडे आजवर आली नव्हती. तो माझं बोलणं इतक्या लक्ष देऊन ऐकायचा की तो आला की माझा आवाज आपोआप चढायचा.

एका रविवारी तो मला म्हणाला, "भाऊ, गाडी पाहून राह्यलो."

झालं. मी कप खाली ठेवला. "बजेट राहू दे, आधी सांग, मनात कोणती आहे?"

त्याने खिशातून चौकटीच्या वहीचा एक कागद काढला. त्यावर बारीक अक्षरात आकडे होते. एका खाली एक गाड्या आणि प्रत्येकीपुढे सेंटिमीटर. "ही व्हॅन बरी वाटते," तो म्हणाला. "दार सरकते. पाय ठेवाची जागा खाली हाय. मायले बोरीले न्यायची हाय, मावशीले भेटाले. म्हणून मी जरा मोजलं..."

त्याची मावशी बोरी अरबला राहायची, आईची थोरली बहीण. पडून कंबरेचं हाड मोडल्यापासून ती खाटेवर होती आणि कानाने अजिबात ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. भेटायचं तर समोर जाऊन बसायचं, हात हातात घ्यायचा, बस्स. आणि ह्या आईचे गुडघे असे की एसटीची पायरी तिला दोन वर्षांपासून चढता येत नव्हती. दोन वर्षांत दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या. गाडी घ्यायची होती ती एवढ्यासाठी. हे सगळं मला माहीत होतं, शेजारच्या टेबलावरच तर बसायचा तो. विसरलो होतो म्हणायचीही सोय नाही.

मी कागदाकडे पाहिलं आणि मोठ्याने हसलो. "अरे, शाळेची व्हॅन आहे ती! सकाळी सात वाजता पोरं सोडायला जाणार आहेस का?"

कट्टा हसला. मग मला आणखी जोर आला. "मागे पाटी लावून घे, शाळेची मुले, सावकाश चालवा." चहावालासुद्धा हसला. सहकारीही हसला, सगळ्यांच्या थोडं मागून. कागदाची चार वेळा घडी घातली आणि खिशात ठेवला.

मग मी त्याला पाऊण तास समजावलं. तुझ्या घरातली पहिली गाडी, जरा रुबाबदार नको का? आपल्या जिल्ह्यातले रस्ते काय आहेत, ग्राउंड क्लिअरन्स नको का? मी त्याला ती उंच, चौकोनी, ट्रकसारख्या सांगाड्यावर उभी केलेली गाडी सांगितली, जिच्या जाहिरातीत ती नदीतून पाणी उडवत जाते आणि पलीकडे निघून डोंगरावर चढते. यवतमाळ ते बोरी रस्त्यात ना तसली नदी ना तसला डोंगर. त्याने एकदाच विचारलं, "पण भाऊ, माय चढन काय?"

"अरे, काकूंना तर उंच गाडीच बरी," मी म्हणालो. "हल्ली सगळे एक्स्पर्ट हेच सांगतात. वयस्कर माणसाला उंच सीटवर इनग्रेस-इग्रेस सोपं. कंबर वाकवावी लागत नाही."

हे पूर्ण खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. सीट खुर्चीएवढी उंच असेल तर खरंच सोपं जातं. माझ्या त्या आवडत्या गृहस्थाने तेवढंच म्हटलं होतं, आणि तेही दुसऱ्या गाडीबद्दल. ह्या गाडीबद्दल त्याने शेवटच्या दोन मिनिटांत सांगितलं होतं की घरात म्हातारी माणसं असतील तर आधी त्यांना चढवून पाहा. ती दोन मिनिटं मी नंतर ऐकली. खूप नंतर.

टेस्ट ड्राइव्हला तो आईला घेऊन येऊ का म्हणाला. मी म्हणालो, "टेस्ट ड्राइव्ह म्हणजे मुलगी पाहायला जाणं आहे का, सगळं घर घेऊन जायला? ऊन आहे, काकूंना कशाला त्रास." गाडी मी चालवली. तो शेजारी बसला. सेल्समन मागे बसून मला म्हणत होता, "सरांसारखा नॉलेजवाला कस्टमर आमच्याकडे वर्षात एखादा येतो." मी कस्टमर नव्हतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. उतरताना सेल्समनने आमच्या दोघांसमोर आकाशाकडे उघडणारं छत उघडून दाखवलं. सहकाऱ्याने वर पाहिलं, मान हलवली आणि मग वाकून दाराच्या खालच्या पट्टीला नुसता हात लावला. मी म्हणालो, "काय पाहतोस, पत्रा दणकट आहे." तो म्हणाला, "हो भाऊ."

दिवाळीच्या आठ दिवस आधी गाडी मिळाली. हल्ली गाडी नुसती देत नाहीत, तिचं कार्य करतात. गाडीवर लाल साटीन टाकलेलं होतं, स्पीकरवर गाणं होतं, टेबलावर केक होता आणि पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली. मुलीने नवा फ्रॉक घातला होता. काकू पांढरीशुभ्र साडी नेसून, केस चापून बसवून आल्या होत्या. शोरूमच्या पोऱ्याने चाकाखाली लिंबं ठेवली, ती माझ्या सहकाऱ्याने कुणाचं लक्ष नाही असं पाहून हळूच काढून बाजूला केली. मग कापड ओढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सेल्समन म्हणाला, "पहिला मान आईंचा! आई, बसा पुढच्या सीटवर, फोटो घेऊ."

काकू दाराशी गेल्या. उजवा पाय उचलला. तो दाराच्या पट्टीपर्यंत पोचला नाही, वीतभर खाली राहिला. त्यांनी पाय खाली ठेवला, दुसरा उचलून पाहिला. मुलाने काखेत हात घातला. आतल्या हँडलला त्यांचा हात पुरत नव्हता. सेल्समन पळत जाऊन पँट्रीतून प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला. त्यावर एक पाय ठेवल्याबरोबर ते लचकलं आणि काकू घाबरून मागे झाल्या. फोटोवाला कॅमेरा डोळ्याला लावून उभा, मागे दुसऱ्या गाडीवाल्यांचं कुटुंब आपली पाळी येण्याची वाट पाहत उभं. गाणं चालूच होतं.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "मी इथंच उभी राह्यतो. फोटो बाहेरूनच चांगला येते."

आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "नवी आहे ना, होईल सवय." हे शब्द मला अजून ऐकू येतात, माझ्याच आवाजात, समजूतदार वगैरे.

घरी जाताना काकू रिक्षातून गेल्या. सून आणि नात त्यांच्यासोबत रिक्षात बसल्या. नव्या गाडीत पुढे तो आणि मी. मागच्या सीटवर केकचा डबा होता. दत्त चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा रिक्षा आमच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली. उंच गाडी असल्यामुळे मला वरून फक्त तिचं छत दिसलं. मला तेव्हाच कळलं होतं. त्या चौकात, तिथल्या तिथे. पण मी गिअरबद्दल बोलत राहिलो.

पुढच्या आठवड्यात मी त्याला साइड स्टेप लावून घ्यायला सांगितलं, दाराखाली बसते ती पायरी. लावली त्याने. मग तो कधी गाडीचा विषय काढेना, आणि मीही काढला नाही. एवढं मात्र केलं, आमच्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याला लिहिलं, 'नव्या मालकाचा रिव्ह्यू येऊ द्या.' त्याने लिहिलं, 'गाडी एक नंबर. भाऊंचे आभार.' त्यावर वीसेक अंगठे आले. मी ते अंगठे कितीदा उघडून पाहिले, ते सांगवत नाही.

लग्नसराई लागली. वणीला माझ्या चुलत मेव्हण्याच्या मुलीचं लग्न होतं आणि माझ्या गाडीने एवढ्या लांब जाणं म्हणजे काच धरून बसणारा एक माणूस सोबत न्यावा लागला असता. मी त्याची गाडी मागितली. मागितली, म्हणजे ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणालो, "एकदा हायवेवर चालवून पाहतो, काही असेल तर सांगतो तुला." उपकार मीच करतोय असा थाट. त्याने लगेच होकार दिला.

शनिवारी त्याच्या घरी गेलो. गाडी अंगणात आच्छादनाखाली उभी होती. आत बसलो, चावी फिरवली आणि सवयीने आधी किलोमीटर पाहिले. चार महिन्यांत तीनशे बारा. मी त्याच्याकडे पाहिलं. "गाडी चालवतच नाहीस का?"

"कुठं जाऊ, भाऊ?" तो म्हणाला.

बॅग ठेवायला मागचं दार उघडलं तर आत दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल होतं. सुताराकडून करून घेतलेलं, वरच्या फळीवर सायकलच्या टायरचं रबर खिळ्यांनी ठोकलेलं.

"हे काय?"

"मायसाठी केलतं. ते साइड स्टेप अरुंद हाय, तिचा पाय ठरत नाई. पण हेही हलते. एकडाव घसरली ती."

"लागलं?"

"थोडंसं. आता नाई चढत म्हणते."

"मग बोरीला?"

"एकडाव गेलतो, दिवाळीत. शेजारच्या दोघाइनं उचलून बसवलं. तिकडं उतरवताना सारी गल्ली जमा झालती पाहाले. तिले ते बरं नाई वाटलं." तो स्टूल बाजूला घेत म्हणाला, "तुमी जा भाऊ, उशीर होईन."

आणि मी गेलो. इथे मी असं लिहू शकलो असतो की मी चावी परत केली आणि एसटीने वणीला गेलो. तसं काही झालं नाही. बायको-मुलांना घेऊन मी त्या गाडीतून वणीला गेलो, मांडवाच्या दारातच गाडी लावली, आणि कुणीतरी "गाडी कुणाची?" असं विचारलं तेव्हा "आपल्याच माणसाची" असं म्हणालो. जेवण मात्र गेलं नाही. पानातली बुंदी तशीच राहिली आणि बायको विचारत होती, काय झालं, पित्त झालं का. येताना रस्त्याला कोळशाच्या ट्रकांची रांग होती, गाडी काळपट होऊन गेली. सगळ्या रस्त्यात मी मनात वाक्यं जुळवत होतो. काकूंची माफी मागायची, एवढं नक्की ठरवलं. घरच्यांना घरी सोडून रविवारी दुपारी मी एकटाच गाडी परत द्यायला गेलो.

तो अंगणात नळाला पाइप लावत होता. "आत बसा भाऊ, चहा घ्या," म्हणाला आणि गाडीवरची धूळ पाहून फडकं आणायला गेला.

काकू पुढच्या खोलीत बाजेवर बसल्या होत्या. गुडघ्यांना ओढणीसारखं काहीतरी गुंडाळलेलं. "जयभीम, काकू," मी म्हणालो.

"जयभीम, बाबू. या, बसा. कशी चालली गाडी?"

"छान चालली." मी खुर्चीच्या टोकावर बसलो. "काकू, गाडीच्या बाबतीत मला जरा तुम्हाला..."

"गाडी लय चांगली हाय," त्या म्हणाल्या. "माह्येच पाय बेकार झाले, त्याले गाडी काय करन? पोरानं हौसेनं घेतली. मी चढू शकत नाई म्हणून बिचारी तशीच उभी हाय उन्हात." त्या गाडीला बिचारी म्हणाल्या. मग दाराकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "बाबू, एक इचारू काय तुमाले? तुमाले साऱ्या गोष्टीचं मालूम असते. गुडघ्याचं आपरेशन करते म्हणतात नागपूरले. दोन्ही गुडघे नवे टाकून देते. मी म्हणतो, करून घेऊ काय? मंग चढता येईन गाडीत. पोरानं एवढी घेतली ते वाया नको जायले. अन् बोरीलेही जाणं होईन."

मी गप्प बसायला हवं होतं. किंवा जे बोलायला आलो होतो ते बोलायला हवं होतं. पण मला कुणी मत विचारलं की माझ्या आत काहीतरी आपोआप सुरू होतं. "हल्ली फार सुधारणा झाली आहे, काकू," मी म्हणालो. "दोन प्रकार येतात. एक सिमेंट लावून बसवतात, दुसरा बिनसिमेंटचा. बिनसिमेंटच्याची लाइफ जास्त म्हणतात." लाइफ! टायरला म्हणतात तशी. मी असला एक व्हिडिओ पाहिला होता, तोही अर्धाच. काकू मान डोलावत होत्या, अगदी मन लावून ऐकत होत्या. त्यांचा मुलगा टपरीवर ऐकायचा अगदी तसं.

"मंग कोणता टाकू?" त्यांनी विचारलं.

सत्तरी ओलांडलेली बाई एका गाडीत बसता यावं म्हणून गुडघे कापून घ्यायला तयार होती आणि कोणते नवे बसवू ते मला विचारत होती, माझ्या मताने तिचं इतकं वाटोळं झाल्यावरही. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"काकू," मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही. खरंच सांगतो. गाड्यांमधलंसुद्धा नाही कळत. ही गाडी घ्यायला मीच लावली. चूक माझी आहे, तुमच्या पायांची नाही. ऑपरेशन माझ्या सांगण्यावरून तर मुळीच करू नका."

त्या हसल्या. मी नम्रपणा करतोय असं त्यांना वाटलं. "तुमाले नाई कळत त कोणाले कळते, बाबू?" त्या म्हणाल्या आणि सुनेला चहात साखर बरोबर टाक म्हणून हाक दिली.

चहा कसा प्यायलो ते आठवत नाही. बाहेर आलो तेव्हा तो पाइप बाजूला ठेवून गाडी पुसत होता. वणीची काजळी फडक्याने निघत नव्हती, नुसती पसरत होती. मी त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "तुझी व्हॅन बरोबर होती. मी तुला चुकीचा सल्ला दिला. माझं ऐकायला नको होतंस."

तो पुसतच राहिला. "मले मालूम होतं, भाऊ."

"काय मालूम होतं?"

"माय चढणार नाई ते. मी मोजलं होतं ना. उंबरठ्यावर, न्हाणीच्या पायरीवर, तिचा पाय कुठवर येते ते समदं मोजलं होतं. शोरूममध्ये हात लावला तवाच समजलं मले."

"मग घेतलीस कशाला?" मी जवळजवळ चिडूनच विचारलं. इतक्या दिवसांत मी स्वतःची एवढीच समजूत घातली होती की त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मी त्याला बुडवलं. त्यात निदान विश्वास तरी होता.

त्याने फडकं पिळलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमी हसले ना, भाऊ. साऱ्याइसमोर. आमच्या घरची पह्यली गाडी. ते दारात येईन अन् लोक हसतीन, असं नको वाटलं मले." फडकं उलगडत तो म्हणाला, "माह्यंही चुकलंच. हसू द्यायचं होतं."

तो हे रागावून म्हणाला असता तर मला सोपं गेलं असतं. रागाला उत्तर देता येतं. तो नुसता दाराची पट्टी पुसत होता, जिथपर्यंत त्याच्या आईचा पाय पोचला नव्हता.

मी म्हणालो, "पुढच्या रविवारी मी एक व्हॅन भाड्याने आणतो. काकूंना बोरीला नेऊन आणू."

"केली हाय भाऊ सोय," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत एकाची हाय, शाळेची. रविवारी रिकामी असते. मायले सांगतलं नाई अजून. सकाळी दारात उभी करतो, मंगच सांगतो."

"मी येऊ का सोबत? चालवायला?"

त्याने पाइप उचलला आणि चाकांवर पाणी सोडलं. "कायले, भाऊ," तो म्हणाला. "जागा नाई होणार."

त्या व्हॅनमध्ये आठ माणसं बसतात. जाणार होते ते दोघं. मी "बरं" म्हणालो, खिशातली चावी काढून त्याच्या ओल्या हातात दिली आणि चालत घरी आलो.